कोसीकाठचा पट्टेवाला

माझ्या वयाच्या नवव्या वर्षी आमच्या घरात गोट्यांवरून मोठा तंटा झाला. गोट्या माझ्या होत्या. चांगल्या एकशे चौदा. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या अंगणात दोन मे महिने घाम गाळून मी त्या जिंकल्या होत्या आणि आईने शिवून दिलेल्या पिशवीत जिवापाड जपल्या होत्या. त्या मागायला एखादा खेळगडी आला असता, तर मी त्याला दारातूनच वाटेला लावले असते. पण मागणारे होते प्रत्यक्ष आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. साल १९६१. दिवाळी चार दिवसांवर आली होती. आई भाजणीत गुंतलेली होती, आणि अण्णा आपल्या काचेच्या पेटीपुढे उकिडवे बसून म्हणत होते, "अरे, थोडे दिवस दे. मोजून घेईन, मोजून परत करीन."

"पण अण्णा, तुम्हांला गोट्या कशाला?"

"मला नव्हेत. माशांना हव्या आहेत," अण्णांनी गंभीरपणे सांगितले.

त्यासरशी स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अहो, आधी माझी लोणच्याची बरणी माशांना गेली. आता पोराचा खेळही जाऊ द्या!"

अण्णा एका कचेरीत कारकून होते. पत्ते, तंबाखू, नाटक ह्यांपैकी कशाचाच नाद त्यांना नव्हता. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, आणि ते पाहून आल्यापासून मात्र एका नादाने त्यांना पुरते पछाडले. लोखंडी चौकटीत लांबी भरून बसवलेल्या काचांची एक पेटी त्यांनी करवून घेतली, आणि क्रॉफर्ड मार्केटातून आठ आण्यांचे मासे आणून तीत सोडले. त्यांत दीड-दोन इंचांचे, रुपेरी अंगावर निळे पट्टे असलेले सहा चपळ मासे होते. विकणाऱ्याने त्यांचे नाव 'झेब्रा' असे सांगितले आणि "विलायती माल आहे, साहेब" अशी पुस्तीही जोडली. झेब्र्याचे पट्टे उभे, ह्यांचे आडवे. तेव्हा ते नाव अण्णांना काही पटेना. शिवाय ते मासे घटकाभर एका जागी ठरत नसत. पेटीच्या ह्या टोकाकडून त्या टोकाकडे त्यांच्या सारख्या खेपा चालत. "आमच्या कचेरीतल्या पट्टेवाल्यांनी ह्यांच्याकडून धडा घ्यावा," असे म्हणून अण्णांनी त्यांचे बारसे केले: पट्टेवाला.

दसऱ्याच्या सुमारास ह्या पट्टेवाल्यांनी अंडी घातली होती, आणि घालता घालताच ती खाऊनही टाकली होती. अण्णांनी ग्रंथालयातून एक जुने इंग्रजी पुस्तक पैदा केले. त्यात उपाय दिला होता तो असा: पेटीच्या तळाशी गोट्यांचे दोन थर पसरावेत. ह्या माशाची अंडी चिकट नसतात. ती सरळ खाली पडतात, गोट्यांच्या फटींत शिरतात, आणि मासा कितीही धडपडला तरी त्याचे तोंड तिथवर पोचत नाही.

गोट्या मी दिल्या. पुढे काय झाले ते यथाक्रम सांगेनच. परंतु पुढे मी शाळेत इतिहास शिकवू लागलो, आणि त्या गोट्या मनातून गेल्या नाहीत. हा मासा आला कुठून? त्याला पेटीत ठेवायचे कुणाच्या डोक्यात आले? ह्या प्रश्नांचा माग काढता काढता मी असा भटकलो की, राजेरजवाड्यांचा इतिहास शिकवताना जे उमगले नव्हते ते ह्या दोन इंचांच्या प्राण्याने मला शिकवले.

*

गोष्टीचा आरंभ कंपनी सरकारच्या दप्तरात होतो. फ्रान्सिस बुकॅनन नावाचा स्कॉटिश डॉक्टर १७९४ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील वैद्यकीय सेवेत दाखल झाला. माणूस नावापुरता डॉक्टर. खरा ओढा वनस्पती आणि प्राणी ह्यांच्याकडे. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर म्हैसूर, कानडा आणि मलबार ह्या मुलखांची पाहणी करण्याचे काम त्याच्याकडे आले. पुढे १८०७ पासून सात वर्षे त्याने बंगाल-बिहारचे जिल्हेच्या जिल्हे पालथे घातले. कंपनीला हवी होती ती मुलखाची माहिती: पिके कोणती, कारागीर किती, जमिनीचा कस कसा. बुकॅनन हे सारे लिहून घेई आणि त्याखेरीज नदीकाठी जाऊन कोळ्यांच्या टोपल्यांत डोकावे. निघालेला प्रत्येक मासा तो मोजी, त्याचे वर्णन करी आणि देशी चित्रकारांकडून त्याची चित्रे काढवून घेई.

१८१५ साली तो मायदेशी निघाला, तेव्हा गव्हर्नर जनरलने त्याला चित्रे नेऊ दिली नाहीत. ती कंपनीची मालमत्ता ठरली. वीस वर्षांच्या श्रमाचा असा मोबदला घेऊन तो परतला. घरी आईकडची इस्टेट मिळाल्याने त्याने हॅमिल्टन हे आडनाव धारण केले, आणि १८२२ साली एडिंबरोहून गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अडीचशेहून अधिक जातींची वर्णने त्यात आहेत. त्यांतलाच एक आमचा पट्टेवाला. त्याचे ठिकाण हॅमिल्टनने दिले आहे कोसी नदी: नेपाळातून उतरून बिहारात गंगेला मिळणारी, आणि पात्र बदलून गावेच्या गावे गिळण्याबद्दल कुप्रसिद्ध असलेली.

ह्या ग्रंथात एक मोठी मौज आहे. त्या काळी युरोपातले पंडित नव्या प्राण्यांना लॅटिन-ग्रीक नावे देत, किंवा एखाद्या सरदाराचे नाव चिकटवीत. हॅमिल्टनने पुष्कळ ठिकाणी कोळ्यांच्या तोंडचीच नावे उचलली आणि त्यांना लॅटिन पेहराव चढवला. आज आपल्या बाजारात दिसणारे रोहू, कटला आणि मृगळ हे मासे जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत रोहिता, कटला, मृगला ह्याच नावांनी वावरतात, ते त्याच्यामुळे. आमच्या पट्टेवाल्याचे शास्त्रीय नाव 'डॅनिओ रेरिओ'. त्यातला डॅनिओ म्हणजे बंगालीतला 'धानी', भाताच्या शेतातला. रेरिओ हाही तिकडच्या बोलीतलाच शब्द.

पावसाळ्यात भातखाचरांत आणि संथ ओहोळांत ह्या माशांचे थवे हिंडतात. कुणी एका कोळ्याने जाळे झटकून, "हा होय? हा अमका," असे त्या गोऱ्या साहेबाला सांगितले असेल. असला मासा खाण्याच्या उपयोगाचा नाही, विकण्याच्या तर नाहीच. तरीही त्याला नाव होते आणि ते कोळ्याला ठाऊक होते. साहेबाने माशाचे नाव टिपले. कोळ्याचे टिपले नाही. आज टोकिओपासून न्यूयॉर्कपर्यंत हजारो विद्वान रोज 'रेरिओ' हा शब्द लिहितात. तो पहिल्याने ज्याच्या तोंडून आला त्याचा ठावठिकाणा कुणालाही सांगता यायचा नाही.

*

आता पेटीकडे वळू. मासे पाळण्याची हौस जुनी आहे. चीनमध्ये सोनेरी मासे सुंग राजवटीपासून, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीपासून, पाळत आले आहेत. पण ते हौदांत आणि चिनीमातीच्या कुंड्यांत. तिथून मासा दिसतो तो वरून, पाठ तेवढी. माशाकडे समोरून, बरोबरीच्या नात्याने पाहायचे तर काच हवी, आणि ती सामान्य माणसाच्या खिशाला परवडायला हवी. इंग्लंडात काचेवर जबर कर होता. तो १८४५ साली उठला. त्यानंतरच्या दहा वर्षांतच घरोघर काचेच्या पेट्या आल्या, हा काही निव्वळ योगायोग नव्हे.

खरी अडचण पाण्याची होती. पाणी बदलले नाही तर जीव गुदमरून मरत. १८४६ साली ॲना थिन नावाच्या एका धर्मगुरूच्या पत्नीने समुद्रातले जिवंत प्रवाळ लंडनला घरी आणले आणि ते जगवून दाखवले. युक्ती साधी होती: उघड्या खिडकीपाशी उभे राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात असे ओतत राहायचे, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे ओतण्याचे काम रोज अर्धा-पाऊण तास करी ती घरातली मोलकरीण. बाईसाहेबांचे नाव इतिहासात गेले. मोलकरणीचे हात तेवढे गेले, नाव नाही.

पुढले पाऊल रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञाचे. त्याने १८४९ साली काचेच्या भांड्यात दोन लहान सोनेरी मासे आणि रिबिनीसारख्या पानांची एक पाणवनस्पती ठेवली. काही दिवस बरे गेले; मग जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले. तेव्हा त्याने तळ्यातल्या पाचसहा गोगलगायी आत सोडल्या. गोगलगायींनी कुजकट पाने खाऊन साफ केली, शिवाय त्यांची अंडी माशांना खायला मिळाली. माशाच्या उच्छ्वासावर वनस्पती, वनस्पतीच्या प्राणवायूवर मासा, आणि दोघांची घाण काढणारी गोगलगाय: असा तिघांचा संसार पाणी न बदलता महिनोन् महिने चालला. १८५० साली ही हकीगत त्याने केमिकल सोसायटीपुढे ठेवली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले; पुढच्याच वर्षी फिलिप गॉस ह्याचे पुस्तक आले आणि 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघर पोचला.

वॉरिंग्टनचा हिशेब सर्वस्वी बरोबर नव्हता. वनस्पती रात्री स्वतःच प्राणवायू घेते. पेटीतल्या माशांचा मुख्य आधार म्हणजे पाण्याचा हवेला भिडणारा पृष्ठभाग, हे मागाहून कळले. म्हणून उंच, निमुळत्या भांड्यापेक्षा पसरट भांडे बरे. अण्णा हे सांगत तेव्हा आईने मोठ्या मनाने आपले तांब्याचे घंगाळ पुढे केले होते. पण तांबे पाण्यात उतरले की माशांना विष होते. "तुझे घंगाळ माणसांनाच लखलाभ," असे म्हणून अण्णांनी ते परत केले आणि बरणी मागितली. तेव्हापासूनच घरात बरणीचे प्रकरण धुमसत होते.

*

मासा जगवणे वेगळे आणि त्याचा वंश वाढवणे वेगळे. उष्ण देशांतल्या माशांच्या बाबतीत हे दुसरे काम प्रथम गाजवले ते पॅरिसच्या पिएर कार्बोनिए ह्याने. १८६९ साली चीनमधून 'स्वर्गमासा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशांची एक तुकडी पॅरिसला आली. लांबच्या जलप्रवासात बरेच वाटेतच मेले. जे उरले ते उरले दोन कारणांनी: हा मासा थंडी सोसतो, आणि पाणी खराब झाले तर तोंड वर काढून हवेतूनही श्वास घेतो. कार्बोनिएने त्यांना पेटीत सोडले आणि तो पाहत बसला. त्याला दिसले ते असे: नर तोंडातून बुडबुडे सोडून पाण्यावर फेसाचे घरटे बांधतो, मादीने घातलेली अंडी तोंडात धरून त्या फेसात नेऊन ठेवतो, आणि मग मादीलाही जवळ येऊ देत नाही. खाली पडलेले अंडे पुन्हा उचलून घरट्यात ठेवायचे, पिल्ले भरकटली तर तोंडात गोळा करून परत आणायची, हे सारे बापाचे काम. ह्या हकिगतीने पॅरिसचे लोक थक्क झाले.

त्यानंतर हौशी लोकांचे लोण जर्मनीत पसरले. हॅम्बुर्गच्या बंदरात लागणाऱ्या बोटींवरचे खलाशी पत्र्याच्या डब्यांतून देशोदेशीचे मासे आणीत आणि धक्क्यावर विकीत. त्या थंड मुलखात ते जगवायचे कसे? विजेची सोय सर्वत्र नव्हती. लोक पेटीच्या तळाखाली गॅसचा नाहीतर स्पिरिटचा लहान दिवा तेवत ठेवीत. बाहेर हिमवर्षाव चालला आहे, आणि शिंपी, शिक्षक, घड्याळजी असली माणसे रात्री उठउठून माशांची ऊब विझली तर नाही ना ते पाहताहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ह्या नादाची जात कळेल.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोसीकाठचा पट्टेवालाही ह्या पेट्यांत पोचला. त्याच्या घरी मात्र सारा प्रकार उलटा. घरटे नाही, राखण नाही. आईबाप दोघेही अंड्यांवर टपलेले. पण त्याचे गुणही तसेच. गोलसर पोटाची मादी आणि सडपातळ, सोनेरी झाक असलेला नर एकत्र सोडले की पहाटेच्या पहिल्या उजेडासरशी अंडी हमखास पडतात. एका खेपेला शंभर-दोनशे. पुन्हा आठ-पंधरा दिवसांनी तयार. तेव्हा प्रश्न एवढाच उरला की, अंडी आईबापांपासून वाचवायची कशी? कुणी जाळी लावून पाहिली, कुणी काड्यांची पाती, कुणी खडे. शेवटी कुणा हौशी गृहस्थाला मुलांच्या गोट्या सुचल्या. त्याचेही नाव कुठे मला आढळले नाही. त्या घरातही माझ्यासारखाच एखादा मुलगा रडला असणार, एवढे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

*

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री अण्णांनी दुसऱ्या एका लहान पेटीत वीतभर पाणी घेतले. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून त्यातला क्लोरिनचा वास घालवला होता. माझ्या गोट्या उकळत्या पाण्यात धुऊन त्यांनी तळाशी पसरल्या, एक मादी आणि दोन नर सोडले, आणि पेटीवर चादर टाकली.

पहाटे चारला आईने अभ्यंगस्नानासाठी सगळ्यांना उठवले. दिवा लागला, अण्णांनी चादर ओढली, आणि मला हाक मारली. अंगाला तेल-उटणे तसेच, मी पाटावरून धावलो. पेटीत धमाल चालली होती. नर मादीला गोट्यांपाशी रेटीत होते. तिचे अंग थरथरे, आणि काचेच्या मण्यांसारखे, मोहरीहून बारीक दाणे भुरभुर खाली पडत. मासे लगेच वळून त्यांवर झडप घालीत आणि गोट्यांवर तोंड आपटून परत फिरत. "फसले लेकाचे!" असे म्हणून अण्णा लहान मुलासारखे हसले. त्या दिवशी चाळीत पहिला फटाका आमच्या घरचा वाजला नाही, आणि मला त्याचे वाईटही वाटले नाही.

मोठे मासे काढून घेतल्यावर अण्णांनी काही अंडी बशीत घेतली आणि घड्याळजी मित्राचे भिंग माझ्या हाती दिले. अंडे काचेसारखे पारदर्शक. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिले तो आत एक बारीक रेघ वळवळत होती आणि रेघेच्या पुढच्या टोकाशी काहीतरी टिकटिकत होते.

"काय आहे ते, अण्णा?"

"हृदय," अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "स्वतःचे कुणाला बघता येते, सांग बरे?"

पाडव्याला पिल्ले फुटली. टाचणीच्या टोकाएवढी, काचेला चिकटून लोंबकळत राहिलेली. पोटाला अंड्यातला बलक असतो. पहिले दोन दिवस त्यावरच त्यांचे भागते. त्यानंतर लागणाऱ्या खाण्यासाठी तर लोणच्याची बरणी होती: सुके गवत पाण्यात कुजवले की आठ-दहा दिवसांत त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव माजतात, आणि तेच पिल्लांचे पहिले अन्न. त्या बरणीच्या वासाने शेजारच्या काकू दोनदा चौकशी करून गेल्या होत्या.

पण हे मला कुणी सांगितले नव्हते. भाऊबीजेच्या संध्याकाळी सारे घर पाहुण्यांत दंग असताना मी पेटीपाशी गेलो. घरभर फराळ चालला होता आणि ही पिल्ले तेवढी उपाशी! मी हातातला बेसनाचा लाडू चुरला आणि चांगली चिमूट पाण्यावर सोडली.

सकाळी पाणी दुधासारखे पांढरे झाले होते. बेसन आणि तूप कुजले, त्यावर माजलेल्या जंतूंनी पाण्यातला प्राणवायू शोषून घेतला. एकही पिल्लू हलत नव्हते. मी लाडवाचे कबूल केले आणि मार खायच्या तयारीने उभा राहिलो. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी पेटी उचलून मोरीत नेली, पाणी ओतले, गोट्या एकेक धुतल्या, मोजल्या आणि पिशवीत भरून माझ्या हातात दिल्या. पुऱ्या एकशे चौदा.

अण्णांची एक वही होती. तीत ते माशांचे जमाखर्च लिहीत: तारीख, पाण्याची ऊब, अंडी, पिल्ले. ती वही त्यांच्यामागे माझ्याकडे आली, तेव्हा त्या दिवसाची नोंद मी प्रथम वाचली. "सर्व पिल्ले गेली. कारण: अन्न जास्त. चूक माझी, मुलाला समजावून दिले नव्हते." त्याच्या वरच, ग्रंथालयातल्या पुस्तकावरून उतरून घेतलेली, एक ओळ आहे: "मूळ वसती बंगालकडची. विलायती नव्हे, आपलाच आहे!"

पुढच्या फाल्गुनात मी आपण होऊन गोट्या नेऊन दिल्या. त्या खेपेची सदतीस पिल्ले मोठी झाली आणि मुरंब्याच्या बाटल्यांतून साऱ्या चाळीत वाटली गेली.

*

अण्णा १९७८ साली हृदयविकाराने गेले. त्यानंतर ह्या माशाचे जे काही झाले, ते त्यांनी पाहायला हवे होते.

अमेरिकेत डेट्रॉइटच्या चार्ल्स क्रीझरने १९३४ सालीच लिहून ठेवले होते की, ह्या माशाकडून वर्षातून केव्हाही, हव्या त्या वेळी अंडी मिळवता येतात आणि ती गर्भाच्या वाढीच्या अभ्यासाला उत्तम आहेत. परंतु त्या माशाचे भाग्य खऱ्या अर्थाने उजळले ते जॉर्ज स्ट्रायसिंगरमुळे. बुडापेस्टला जन्मलेला हा मुलगा नाझींच्या भयाने कुटुंबाबरोबर न्यूयॉर्कला आला आणि पुढे ओरेगॉन विद्यापीठात प्राध्यापक झाला. तो विषाणूंच्या अनुवंशाचा जाणकार. पण स्वतः हौसेने मासेही पाळी. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याचा अनुवंश सहज अभ्यासता यावा म्हणून त्याने निवडला तो घरातल्या पेटीत पाहिलेला हा मासा. मासे आणले कुठून? गावातल्या माशांच्या दुकानातून. १९८१ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला: बापाचा वाटा निष्प्रभ करून केवळ आईच्याच गुणांची, अगदी एकसारखी पिल्ले त्याने वाढवली होती. तीनच वर्षांनी, १९८४ साली, तो वारला. पण त्या दुकानातल्या माशांची पैदास आजही प्रयोगशाळांतून नांदते आहे.

जर्मनीत ट्यूबिंगेनला क्रिस्टियाना न्युसलाइन-फोलहार्ड ह्या विदुषीने आणि अमेरिकेत बोस्टनच्या एका गटाने ह्या माशाच्या अनुवंशातले हजारो दोष पारखले. १९९६ सालच्या डिसेंबरात 'डेव्हलपमेंट' ह्या नियतकालिकाचा एक अंकच त्या निबंधांनी भरून निघाला. ट्यूबिंगेनचे मूळ मासेही दुकानातलेच. २०१३ साली त्याच्या अनुवंशाचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसले की माणसाच्या शंभरांपैकी सुमारे सत्तर जनुकांचे भाऊबंद ह्या माशात आहेत. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात, मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ह्या माशावर काम झाले आहे. कोसीचा मासा जगाची फेरी मारून, विद्वान होऊन घरी परतला म्हणायचा.

आणि एक बातमी अशी, जी वाचून मी बराच वेळ वर्तमानपत्र मांडीवर ठेवून बसलो होतो. २००२ साली बोस्टनच्या संशोधकांनी दाखवले की ह्या माशाच्या हृदयाच्या मुख्य कप्प्याचा पाचवा हिस्सा कापून टाकला, तरी दोन महिन्यांत ते हृदय पुन्हा पहिल्यासारखे भरून येते. माणसाच्या हृदयाला झटका आला की तिथे वण राहतो, नवे स्नायू येत नाहीत. माशाला हे कसे साधते, ह्याचा शोध तेव्हापासून चालू आहे. पुण्याच्या संस्थेतही माशाच्या हृदयावर संशोधन झाले आहे. माणसाच्या पदरात त्यातून काय पडेल ते आज कुणी सांगू नये. पण गिरगावातल्या एका खोलीत, दिवाळीच्या दुपारी, घड्याळजीच्या भिंगातून एका कारकुनाने आपल्या मुलाला जे टिकटिकताना दाखवले होते, तेच हे हृदय.

इतिहासाच्या पुस्तकांत हॅमिल्टन आहे, वॉरिंग्टन आहे, स्ट्रायसिंगर आहे. त्यांचा मान मोठाच आहे. तो कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण टोपलीतला मासा ओळखणारा कोळी, खिडकीपाशी पाणी ओतणारी मोलकरीण, धक्क्यावर डबा घेऊन उभा असलेला खलाशी, रात्री उठून दिवा पाहणारा शिंपी आणि गोट्या सुचलेला तो गृहस्थ, ह्यांच्यावाचून त्यांतल्या कुणाचेही काम पुढे सरकले नसते. विद्वानांना तो मासा आयता, पाळलेला, जोपासण्याच्या साऱ्या रीतींसकट मिळाला. त्या रीती घराघरांत, पिल्ले मारून मारून, शिकल्या गेल्या होत्या. "चूक माझी" असे लिहून वही मिटणारी किती माणसे त्यामागे असतील!

मी आता सत्तरी ओलांडली आहे. यंदा नातीने हट्ट धरला म्हणून घरात पुन्हा पेटी आली. तिच्याजवळ गोट्या नव्हत्या. हल्लीची मुले त्या खेळत नाहीत. मी कपाटातून खणाची जुनी पिशवी काढली आणि तिच्यापुढे मोजून ठेवल्या. एकशे तेरा भरल्या. एक कुठेतरी गेली आहे. पण ह्या खेपेस पिल्लांना खायला काय द्यायचे आणि काय नाही, हे मी तिला आधीच नीट समजावून दिले आहे.